पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 मध्ये रिओ कार प्लेअर: घ्यावा का, आणि बसवावा कसा

स्वतःचा संगीतसंग्रह फायलींच्या रूपात नीट लावून ठेवलेला असेल, सोल्डरिंगची सवय असेल आणि गाडी चालवताना मोबाइलचा स्क्रीन नजरेसमोर नको असेल, तर रिओ कार हा आतल्या डिस्कवरची गाणी वाजवणारा गाडीतला प्लेअर आजही घेण्यासारखा आहे. यातली एकही अट बसत नसेल तर या वाटेला जाऊ नये. ब्लूटूथ असलेला साधा नवा रिसीव्हर अर्ध्या दिवसात बसतो आणि फोनवरची गाणी मुकाट वाजवतो. रिओ कारला कष्ट पडतात. पण माझदा एमएक्स-5 च्या पहिल्या पिढीसारख्या, म्हणजे 1989 ते 1997 या काळातल्या, उघड्या टपाच्या दोन आसनी गाडीत तो जसा शोभतो आणि जसा हाताळता येतो, तसं सुख आजच्या टचस्क्रीनमध्ये मिळत नाही.

हा प्लेअर इंग्लंडमधल्या एम्पेग कंपनीचा. 1999 मध्ये तो एम्पेग कार या नावाने विकायला आला. पुढच्याच वर्षी सोनिकब्लूने कंपनी विकत घेतली, प्लेअरला रिओ कार हे नाव मिळालं आणि 2001 मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे आज मिळेल तो वापरलेलाच. आत 220 मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, त्यावर लिनक्स, अडीच इंची दोन आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) डिस्कची जागा, समोर 128 गुणिले 32 बिंदूंचा डिस्प्ले, चार बटणं आणि एक गोल नॉब. हे सगळं एका डिन आकाराच्या, म्हणजे कार रेडिओच्या प्रमाण मापाच्या पेटीत आहे आणि ती पेटी पत्र्याच्या स्लेडमध्ये, म्हणजे डॅशबोर्डमध्ये पक्क्या बसवलेल्या खोक्यात, सरकवून बसते. हँडल धरून ओढली की पेटी बाहेर. कापडी टपाची गाडी रस्त्यावर उभी करणाऱ्याला याचं मोल सांगायला नको: प्लेअर काढून बरोबर न्यावा, डॅशबोर्डमध्ये नुसता रिकामा खण उरतो.

घेण्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात हवी. या पेटीत स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर नाही. मागून फक्त चार आरसीए (कमी पातळीचा सिग्नल नेणारे) आउटपुट निघतात, त्यामुळे बाहेरचा चार चॅनेलचा अ‍ॅम्प लागणारच. एफएम हवा असेल तर ट्यूनरचा वेगळा डबा लागतो आणि गाडीची अँटेना त्यात जाते. जुन्या रेडिओची वायरिंग सरळ याला जोडून काम भागेल, असं समजून घेणाऱ्यांची मोठी निराशा होते.

विकत घेताना मार्क 2 घ्या. मार्क 1 मध्ये इथरनेट नाही. मार्क 2 मध्ये इथरनेट, यूएसबी आणि सीरियल तिन्ही आहेत आणि मेमरीही जास्त आहे. नुसती पेटी कितीही स्वस्तात मिळाली तरी स्लेडशिवाय घेऊ नये. वीज, आरसीए, दिव्यांची वायर, अ‍ॅम्प चालू करणारी वायर, सगळं स्लेडच्या मागच्या जोडणीतूनच पेटीत जातं आणि हा स्लेड बाजारातल्या कुठल्याही डिन खोक्याने बदलता येत नाही. टेबलावर 12 व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालवून बघताना डिस्प्लेवर एखादी आडवी ओळ मेलेली आहे का, नॉब सावकाश फिरवल्यावर आवाज एकेक पायरी चढतो की मध्येच मागे उडी मारतो, चारही आउटपुटमधून सिग्नल येतो का आणि नेटवर्क केबल लावल्यावर पोर्टचा दिवा लागतो का, एवढं तरी तपासा. नॉब उडी मारत असेल तर आतला एन्कोडर झिजलाय किंवा मळलाय. हा दोष दुरुस्त होतो. मेलेल्या ओळी मात्र पट्टीच्या केबलमुळे असतील तरच सुटतात, डिस्प्ले स्वतःच गेला असेल तर दुसरी पेटी शोधणं बरं.

डिस्क आधी, गाडी नंतर

डॅशबोर्डला हात लावण्यापूर्वी पेटीचं सगळं काम टेबलावर संपवायचं. पहिलं काम म्हणजे मूळ फिरत्या डिस्क काढून टाकणं. त्या आता वीस वर्षांहून जुन्या आहेत हे एक कारण, दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. प्लेअर गाणं मेमरीत उचलून घेतो आणि डिस्क थांबवतो. 128 केबीपीएसची एमपी3 मिनिटाला साधारण एक एमबी खाते, म्हणून 12 ते 16 एमबीच्या मेमरीतही काही मिनिटांचं संगीत मावतं आणि खड्ड्यातून जाताना डिस्क बहुतेक वेळ शांत असते. फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता दाबलेल्या) फायलीला मिनिटाला पाच ते सात एमबी लागतात. मग डिस्क जवळजवळ सतत फिरत राहते आणि एमएक्स-5 च्या कडक सस्पेन्शनचा प्रत्येक दणका तिला थेट बसतो. गाणं अडखळतं ते यामुळे.

त्याजागी 44 पिनी आयडीई अ‍ॅडॅप्टरवर एमसॅटा एसएसडी किंवा कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावा. 44 पिनी जोडणीत फक्त 5 व्होल्ट मिळतात आणि एमसॅटाला 3.3 लागतात, त्यामुळे अ‍ॅडॅप्टरवर व्होल्टेज रेग्युलेटर आहे का हे बघूनच घ्या. कार्ड वापरणार असाल तर ते फिक्स्ड डिस्क म्हणून ओळख देणारं हवं, काढघाल करण्याची डिस्क अशी ओळख देणारी कार्डं त्रास देतात. क्षमता 120 जीबीच्या आसपास ठेवा. मूळ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कसाठी 28 बिटांचा पत्ता वापरतो आणि 137 जीबीच्या पुढचं त्याला दिसत नाही. शिवाय गाण्यांची यादी मेमरीत उघडते, त्यामुळे हजारो छोट्या फायली कोंबण्यापेक्षा निवडक संग्रह ठेवलेला बरा. एकच डिस्क असेल तर जंपर मास्टरवर ठेवा.

पट्टीची केबल लावताना डोळ्यांत तेल घालून पिना मोजा. एक ओळ सरकून लागली तर वीज चुकीच्या पिनेवर जाते आणि नवी डिस्क त्याच क्षणी मरते. जोडणीत एक पिन मुद्दाम गाळलेली असते, ती जागा समोरासमोर आली की मगच दाबा. केबलची घडी पत्र्याच्या कडेवर घासत असेल तर तिथे कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या, वीज न वाहणाऱ्या) टेपचे दोन थर द्या.

सगळं बरोबर लावूनही डिस्क सापडत नसेल तर नवी डिस्क परत करायची घाई करू नका. मेन बोर्डवरच्या डिस्क जोडणीचे सोल्डर सांधे या प्लेअरची जुनी दुखरी जागा आहे. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी पिनेभोवती बारीक गोल भेग पडते. भिंगाखाली ती केसाएवढी काळी रेघ दिसते. फ्लक्स लावून सगळेच्या सगळे सांधे पुन्हा तापवा, फक्त संशयित दोन-तीन करून थांबू नका.

नव्या डिस्कवर आधी बिल्डर इमेज चढवायची, ती डिस्कचे भाग पाडते आणि फॉरमॅट करते. मग प्लेअरचं सॉफ्टवेअर चढवायचं. दोन्ही कामं सीरियल पोर्टवरून 115200 च्या वेगाने होतात. क्रम उलटा केला तर दुसरी पायरी अर्ध्यात अडकते. फ्लॅक आणि ऑग फायली वाजवायच्या तर आवृत्ती 3 च्या चाचणी मालिकेतलं सॉफ्टवेअर लागतं, आवृत्ती 2 एमपी3 साठी पुरेशी आणि जास्त स्थिर आहे. सोबत हायजॅक नावाचा सुधारित कर्नल चढवाच. एमएक्स-5 मध्ये त्याच्याशिवाय हा प्लेअर अर्धाच वाटेल. कारण पुढे येईल.

डॅशबोर्ड उघडताना

एमएक्स-5 ची बॅटरी डिकीत उजव्या बाजूला असते. तिथे जाऊन आधी ऋण टोक सोडा. डॅशबोर्डच्या आत पिवळ्या रंगाच्या जोडण्या दिसल्या तर त्या एअरबॅगच्या समजा आणि त्यांना हात लावू नका, मल्टिमीटरचं टोकही नको.

गिअरच्या दांड्याची मूठ फिरवून काढा, दोन आसनांमधल्या कन्सोलचे स्क्रू सोडा आणि कन्सोल मागून वर उचला. काचेच्या बटणांची जोडणी खाली लोंबत असते, ती सोडल्याशिवाय ओढाल तर वायर तुटेल. हँडब्रेक पूर्ण वर ओढलेला असला की कन्सोल सहज निघतो. शिवाय चाकांना उटी लावून काम करा.

मधल्या उभ्या पॅनेलला, ज्यात रेडिओ आणि हीटरची बटणं येतात, या गाडीचे लोक आकारावरून टूमस्टोन (थडग्याचा दगड) म्हणतात. त्याचे खालचे बाजूचे स्क्रू कन्सोल निघाल्यावर दिसतात. वरची पकड मधल्या दोन गोल एअर व्हेंटच्या मागे आहे. ही व्हेंट काढताना सगळ्यात जास्त मोडतोड होते. प्लास्टिक तीस वर्षांचं आहे आणि थंडीत ते काचेसारखं तडकतं. गाडी तासभर उन्हात उभी करा किंवा हेअर ड्रायरने व्हेंटच्या कडेला कोमट करा, मग टेप गुंडाळलेल्या सपाट प्लास्टिक पट्टीने थोडं वर, थोडं खाली असं आलटून पालटून उचला. स्क्रू ड्रायव्हर एकाच जागी घालून पिळलं तर कान मोडलाच म्हणून समजा. पॅनेल पुढे आलं की धोक्याच्या दिव्यांच्या आणि वर उठणाऱ्या हेडलाइटच्या बटणांच्या जोडण्या मागून सोडा. त्यांच्यावर टेपने नाव लिहून ठेवलं की परत लावताना शोधाशोध नको.

रेडिओ बाजूच्या पट्ट्यांना स्क्रूने धरलेला असतो. इथली खाच एका डिनपेक्षा उंच आहे, त्यामुळे रिओ कारच्या जोडीला खाली एका डिनचा उथळ खण लावावा लागतो. प्लेअर वर आणि खण खाली अशीच मांडणी करा. उलटं केलं तर गिअर पुढे असताना हात नॉबला लागतो. डिन खाचेचं माप 182 गुणिले 53 मिलिमीटर आहे. स्लेड त्यात सैल बसला तर कान वाकवून घट्ट करता येतो, पण तेवढ्यावर भागवू नका. स्लेडच्या मागच्या बाजूला छिद्रांची पत्र्याची पट्टी लावून ती आतल्या आडव्या लोखंडाला बोल्टने बांधा. मागून आधार नसलेला स्लेड हादऱ्यांनी डुलतो, पेटीची मागची जोडणी आत-बाहेर घासते आणि काही महिन्यांत प्लेअर रस्त्यावर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागतो. लोक वीजपुरवठ्यात दोष शोधत बसतात. खरा दोष ही पट्टी नसण्याचा असतो.

अ‍ॅम्प कुठे ठेवायचा

बॅटरी डिकीत आहे ही एमएक्स-5 ची मोठी सोय. इतर गाड्यांत इंजिनखोलीतून पत्रा भेदून जाड वायर आत आणावी लागते, इथे अ‍ॅम्पची मुख्य वायर हातभर लांबीत संपते. क्लास डी प्रकारचा, चार ओमला चॅनेलमागे 50 वॅट देणारा छोटा अ‍ॅम्प या गाडीला भरपूर झाला. चारही चॅनेल पूर्ण चालले तर 200 वॅट बाहेर येतात. 85 टक्के कार्यक्षमता धरली तर आत सुमारे 235 वॅट जातात, 13.8 व्होल्टला ते होतात 17 अँपिअर. 8 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 25 अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून 45 सेंटिमीटरच्या आत हवा, कारण फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो आणि त्याच्या अलीकडचा तुकडा उघडाच राहतो. तांबं घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची वायर त्याच जाडीला बरीच कमी वीज वाहते आणि क्रिम्पखाली सैल होते.

आता ही ओळ दोनदा वाचा. आसनांच्या मागे, पार्सल शेल्फच्या खाली आणि डिकीच्या पुढच्या भिंतीमागे पेट्रोलची टाकी आहे, आणि टाकीत पेट्रोल भरण्याची नळी डिकीतून जाते. शेल्फवर गालिच्याखाली दिसणारी झाकणं टाकीकडे आणि पंपाकडे उघडतात. त्या भागात ड्रिल चालवायचं नाही, लांब स्क्रूही नाही. अ‍ॅम्प 9 मिलिमीटरच्या प्लायवर बसवा आणि प्लाय आधीपासून असलेल्या बोल्टांना किंवा पत्र्याच्या कानांना बांधा. बॅटरीच्या वायू सोडणाऱ्या नळ्या जागच्या जागी आहेत ना हेही त्याच वेळी बघून घ्या. बंद डिकीत त्या निसटलेल्या असणं धोक्याचं आहे, आणि मूळ प्रकारची नळीवाली बॅटरी काढून साधी उघडी बॅटरी बसवलेली असेल तर आधी ती बदला.

प्लाय डिकीच्या तळाला टेकवू नका. टपाच्या मागच्या पन्हळीतून येणारं पाणी सीटबेल्टच्या मनोऱ्यांजवळच्या निचरा नळ्यांतून खाली जातं आणि त्या पालापाचोळ्याने तुंबतात. मग पाणी आत फिरतं. अ‍ॅम्प किमान चार बोटं उंच हवा, वायरी खालून येऊन वर चढायला हव्यात, म्हणजे थेंब वायरीवरून अ‍ॅम्पमध्ये उतरणार नाही. निचरा नळ्या साफ करायला लवचीक प्लास्टिक दोरी वापरा. तार घातली तर खालचा रबरी भाग फाटतो.

वायरी आणि खरखर

डिकीतून डॅशबोर्डपर्यंत दोन जोड आरसीए, अ‍ॅम्प चालू करणारी एक बारीक वायर आणि परतीच्या स्पीकर वायरी एवढंच न्यायचं आहे. चार मीटरची आरसीए केबल पुरते, सहा मीटरची घेऊन गुंडाळी डॅशबोर्डमागे कोंबू नका. स्पीकरसाठी 1.5 चौरस मिलिमीटरची वायर घ्या आणि ती दरवाजापर्यंत नव्याने ओढण्याऐवजी जुन्या रेडिओच्या जोडणीपर्यंत आणा. तिथून दरवाजांपर्यंतची मूळ वायरिंग 50 वॅटला चालते, आणि बिजागरापाशी रबरी नळीतून नवी वायर घालण्याची कटकट वाचते. मूळ जोडणी कापू नका, तिला बसणारी अ‍ॅडॅप्टर जोडणी घ्या आणि क्रिम्प करून हीट श्रिंक चढवा. पिळून टेप मारलेला सांधा उन्हात चिकट होतो आणि उघडा पडतो.

प्लेअरला कायमचे 12 व्होल्ट, किल्लीवरचे 12 व्होल्ट, दिव्यांची वायर आणि अर्थ (गाडीच्या पत्र्याला जाणारी ऋण जोडणी) लागतात. कुठली वायर कुठली हे रंगावर न जाता मल्टिमीटरने ठरवा. इतक्या जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय जोडलं असेल सांगता येत नाही. किल्ली बंद असताना 12 दाखवते ती कायमची, किल्लीच्या पहिल्या पायरीला येते ती अ‍ॅक्सेसरीची, छोटे दिवे लावल्यावर येते ती दिव्यांची. दिव्यांची वायर आळस करून सोडून देऊ नका, तिच्यामुळेच रात्री डिस्प्ले मंद होतो.

आता खरखर. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर कारण जवळजवळ नेहमी अर्थिंगचं असतं. प्लेअरचा अर्थ डॅशबोर्डमध्ये आणि अ‍ॅम्पचा डिकीत घेतला की दोन्ही जागांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक राहतो. तो फरक आरसीएच्या जाळीतून प्रवाह ढकलतो आणि अल्टरनेटरची शीळ संगीतात मिसळते. तपासायची रीत सोपी आहे: इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू, आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन्ही अर्थ बिंदूंमधला फरक मोजा. 50 मिलिव्होल्टच्या वर असेल तर ओममध्ये मोजत बसू नका, साधं मीटर इतका कमी रोध नीट दाखवत नाही. प्लेअरचा अर्थ डॅशबोर्डमधून काढा आणि 2.5 चौरस मिलिमीटरची वायर आरसीएच्या सोबत नेऊन अ‍ॅम्पच्याच अर्थ बोल्टला लावा. त्या बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा. बाजारात मिळणारे ट्रान्सफॉर्मरवाले आयसोलेटर शीळ घालवतात खरे, पण खर्जही खातात. ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

टिकटिक असा आवाज असेल तर तो इग्निशनचा. या गाडीत कॉइल इंजिनाच्या मागच्या बाजूला, डॅशबोर्डच्या भिंतीलगत आहे, त्यामुळे आरसीए त्या भिंतीला चिकटून जायला नको. हेडलाइट वर उठताना स्पीकरमध्ये ठप्प आवाज झाला तर पुन्हा अर्थच तपासा. मोटर सुरू होताना एकदम प्रवाह ओढते आणि कच्चा अर्थ लगेच उघडा पडतो. अर्थिंगची सगळ्यात चांगली परीक्षा या गाडीत हेडलाइटच घेतात.

दरवाजे आणि डोक्यामागचे स्पीकर

दरवाजात साडेसहा इंची स्पीकर बसतो. अडचण खोलीची. काच पूर्ण खाली करून चुंबकाची मागची बाजू आणि काच यांत किमान 5 मिलिमीटर मोकळी जागा राहते का बघा, नाहीतर प्लास्टिकची कडी घालून स्पीकर पुढे आणा. दरवाजाच्या आतला प्लास्टिक पडदा फाडून टाकायचा नाही. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तो खाली वळवतो. तो फाटला की पाणी गालिच्यात येतं. ब्यूटाइलच्या चिकट पट्टीने कड पुन्हा बंद करा.

काही गाड्यांत डोक्यामागच्या उशीतही छोटे स्पीकर आहेत, आणि टप उघडं असताना त्यांचा खरा उपयोग होतो, कारण कानाशी असल्यामुळे वाऱ्यातही शब्द कळतात. ते प्लेअरच्या मागच्या चॅनेलवर घ्या. जोडण्याआधी डीसी रोध मोजा. 3 ओमच्या खाली आला तर अ‍ॅम्प गरम होऊन बंद पडेल, जोडू नका. या चॅनेलचा हायपास (ठरावीक वारंवारतेखालचा आवाज अडवणारा फिल्टर) अ‍ॅम्प जितका वर जाऊ देतो तितका न्या, 200 हर्ट्झ किंवा त्याहून वर. पुढच्या दरवाजांना 80 हर्ट्झ.

गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, लावताना कानावर विसंबू नका. स्पीकर सोडा, फिल्टर बंद करा, 200 हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर फाइल म्हणून वाजवा, प्लेअरचा आवाज 0 डीबीवर ठेवा आणि अ‍ॅम्पच्या आउटपुटला एसी व्होल्टमध्ये मोजा. 50 वॅट आणि 4 ओम यांचा गुणाकार 200, त्याचं वर्गमूळ 14.1. मीटर 14 व्होल्ट दाखवेपर्यंत गेन चढवा आणि थांबा. उशीतल्या स्पीकरसाठी याच्या निम्म्याहूनही कमी.

या प्लेअरचा इक्वलायझर त्याच्या काळात डोळे विस्फारायला लावणारा होता आणि आजही अनेक महागड्या रिसीव्हरपेक्षा चांगला आहे. एकूण 20 पट्टे, प्रत्येकाची वारंवारता, उंची आणि रुंदी वेगळी ठरवता येते. पट्टे वर चढवण्यापेक्षा नको ते खाली उतरवा, वर चढवलेला प्रत्येक डीबी गेनसाठी राखलेली जागा खातो. दरवाजातल्या स्पीकरने खर्ज भरपूर द्यावा म्हणून 60 हर्ट्झ चढवणं उघड्या गाडीत वाया जातं. वारा आणि टायर यांचा गोंगाट खालच्या पट्ट्यातच सर्वात मोठा असतो, तिथे साडेसहा इंची कोन त्याच्याशी झुंजून फक्त थकतो.

आणि इथे हायजॅक कामाला येतो. त्यात आवाज आपोआप सावरण्याची सोय आहे, संगीतातला हळू भाग ती उचलते. टप उघडं ठेवून वेगात जाताना एखादं शांत वाद्यसंगीत अर्धा वेळ ऐकूच येत नाही आणि मग एकदम अंगावर येतं. ही सोय मधल्या पायरीवर ठेवली की दोन्ही टोकं ऐकू येतात. टप बंद केल्यावर ती बंद करा, नाहीतर संगीत सपाट वाटतं.

रोजच्या वापरात

नॉब हाच या प्लेअरचा जीव आहे. नजर रस्त्यावर ठेवून बोटांनी आवाज कमी-जास्त होतो, दाबला की मेनू. हाताला पायऱ्या कळतात. फोनच्या काचेवर बोट शोधत बसण्यापेक्षा हे किती सुरक्षित, हे गिअर सतत बदलणाऱ्या गाडीत पटतं. वीज गेली तरी गाणं जिथे थांबलं तिथूनच पुन्हा सुरू होतं, गाडी पहिल्यांदा सुरू होताना बॅटरी दबली तरीही.

उणा भाग डिस्प्लेचा. भर दुपारी टप उघडं असेल तर अक्षरं पुसट होतात. समोरची भिंग, म्हणजे डिस्प्लेवरची रंगीत काच, निळी, हिरवी, तांबडी आणि पिवळसर अशा रंगांत मिळायची. या प्रकारच्या डिस्प्लेचा मूळ प्रकाश निळसर हिरवा असतो, त्यामुळे हिरवी भिंग तो सर्वात कमी अडवते. दिसायला निळी देखणी आहे. उघड्या गाडीसाठी हिरवी घ्या.

उन्हात बंद गाडीत डॅशबोर्ड भाजतो. पेटीत तापमानाचा सेन्सर आहे आणि हायजॅक ते स्क्रीनवर दाखवतो, 55 अंशांच्या वर दिसलं तर फिरती डिस्क असताना थोडं थांबणंच शहाणपणाचं, एसएसडीला तितकी चिंता नाही. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर कायमच्या 12 व्होल्टची वायर एका छोट्या स्विचमधून घ्या. एमएक्स-5 ची बॅटरी मुळात लहान आहे आणि विश्रांतीतला प्लेअरही थोडी वीज ओढतो.

फोन लागणारच असेल तर ऑक्स इनपुटवर ब्लूटूथ रिसीव्हर जोडता येतो. त्याला गाडीच्या 12 व्होल्टमधून स्वस्त 5 व्होल्ट कन्व्हर्टरने वीज दिली की किर्र आवाज येतो, कारण रिसीव्हरचा अर्थ आणि ऑक्सचा अर्थ पुन्हा एक वेटोळं बनवतात. आयसोलेटेड प्रकारचा कन्व्हर्टर घ्या.

गाणी भरण्यासाठी प्लेअर स्लेडमधून काढून घरात न्यायचा आणि एम्प्लोड या सॉफ्टवेअरने नेटवर्कवरून भरायची. इथरनेट 10 मेगाबिटचं आहे. अगदी पूर्ण वेग मिळाला तरी 100 जीबी भरायला बावीस तास लागतात, आणि पूर्ण वेग मिळत नाही. म्हणून पहिला मोठा संग्रह टेबलावर, गाडीचं काम चालू असतानाच भरायला लावा. मध्येच केबल निघाली तर पुन्हा जोडून सिंक करा, आणि हिरवा दिवा लुकलुकत असताना पेटीची वीज काढू नका.